स्थानिक संस्थेसोबत विद्यार्थ्यांचा पहिला संशोधन प्रकल्प: सुरुवात कशी करावी

सत्र सुरू व्हायला दोन-तीन महिने असतानाच लोकांमध्ये काम करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवी संस्थेकडे जावं, आणि जाताना प्रकल्पाचा तयार आराखडा सोबत नेऊ नये. या लेखातल्या बाकीच्या सूचना परिस्थिती पाहून बदलून घेता येतील. ही मात्र नाही. विषय, प्रश्नावली आणि तारखा आधीच ठरवून आलेले प्राध्यापक समोर बसले की संस्थेचे लोक सौजन्याने "हो" म्हणतात. मग विद्यार्थी येतात, फॉर्म भरून घेतात आणि गुण मिळवून निघून जातात. संस्थेच्या कपाटात एक जाडजूड अहवाल पडून राहतो. तो ज्यांच्याबद्दल असतो, त्यांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. असं एक-दोनदा झालं की ती संस्था पुढच्या कॉलेजला दारातूनच परत पाठवते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

असे प्रकल्प पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी आणि समन्वयकांसाठी मी हे लिहीत आहे. विद्यार्थ्यांनाही उपयोग होईल, कारण आपल्याकडून नेमकी कसली अपेक्षा आहे हे त्यांना अनेकदा सत्र निम्मं संपल्यावर कळतं.

प्रश्न आधी संस्थेचा आणि मग विद्यापीठाचा, ही पद्धत नवी नाही. 1970च्या दशकात नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत 'विज्ञान दुकानं' सुरू झाली. ज्यांच्याकडे संशोधन करून घ्यायला पैसा नाही अशा नागरिकांच्या गटांनी आणि संघटनांनी आपला प्रश्न घेऊन यायचं, आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्याचं उत्तर शोधायचं, अशी ती व्यवस्था. पुढे ती युरोपातल्या इतर देशांतही पसरली. तिचं मर्म एवढंच की विचारणारा बाहेरचा असतो आणि शोधणारा विद्यापीठातला. आपल्या छोट्या प्रकल्पालाही हाच क्रम लागू पडतो.

संस्था निवडताना

मोठं नाव असलेल्या संस्थेच्या मागे लागू नका. तिच्याकडे आधीच दहा कॉलेजं रांगेत असतात. लहान संस्था बघा: एकाच भागात, एकाच विषयावर काही वर्षं टिकून काम करणारी. तिथे निदान एक कार्यकर्ता असा हवा जो आठवड्यातून तासभर विद्यार्थ्यांना देऊ शकेल. संस्थाप्रमुख कितीही उत्साही असले, तरी रोज मैदानात असलेल्या माणसाकडे हा तास नसेल तर प्रकल्प चालत नाही. म्हणून पहिल्या बैठकीला त्या माणसालाही बोलवा, आणि होकार त्याच्याकडूनही घ्या.

पहिल्या भेटीत ऐकायचं जास्त. मी तीन गोष्टी विचारायला सुचवेन. येत्या वर्षभरात तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचा आहे? लोक तुम्हाला सारखं असं काय विचारतात, ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही? आणि याआधी कुणी येऊन तुमच्याकडून किंवा वस्तीतून माहिती घेऊन गेलं होतं का, आणि परत काय दिलं? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी क्षणभर शांतता पसरते आणि मग बरंच काही बाहेर येतं. ते लिहून घ्या. आपण काय करायचं नाही, याची यादी तिथेच तयार होते.

आणखी एक भान ठेवायला हवं. संस्था म्हणजे लोक नव्हेत. संस्था लोकांसाठी काम करते, त्यांच्या वतीने बोलते. पण तिच्याही काही समजुती असतात, देणगीदारांचा दबाव असतो, स्वतःच्या कामाबद्दलचा अभिमान असतो. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी 1969मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खालच्या पायरीवर लोकांना नुसतं वळवलं जातं, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर निर्णय त्यांच्या हाती असतो. मधल्या पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, सल्ला विचारला जातो, पण तो मानलाच जाईल याची हमी नसते. आपला प्रकल्प यातल्या कुठल्या पायरीवर उभा आहे, हे सुरुवातीलाच स्वतःला विचारावं. पहिल्या वर्षी तो वरच्या पायरीवर नसेल, हे मान्य करून चालायला हरकत नाही. पण ज्यांच्याबद्दल संशोधन आहे त्यांतली दोन-तीन माणसं तरी प्रश्न ठरवताना खोलीत असावीत.

प्रश्न घडवणं

माझ्या मते इथे घातलेला प्रत्येक तास पुढचे पाच वाचवतो, आणि तरी बहुतेक लोक हीच पायरी घाईत उरकतात.

संस्था सहसा फार मोठी मागणी करते. "आमच्या कामाचा परिणाम मोजून द्या" ही त्यातली नेहमीची. एका सत्रात हे होत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं हा प्रामाणिकपणा आहे. परिणाम मोजायचा तर काम सुरू होण्याआधीची नोंद लागते, ज्यांना ती सेवा मिळाली नाही अशा लोकांशी तुलना लागते, आणि मध्ये पुरेसा काळ जावा लागतो. विद्यार्थ्यांच्या हाती यातलं काहीच नसतं. तरीही हे आव्हान घेतलं, तर शेवटी "90 टक्के लाभार्थी समाधानी आहेत" असं एक वाक्य हाती येतं. त्यातून कुणालाच काही कळत नाही.

समजा, एखादी संस्था शाळेनंतरचा मोफत वर्ग चालवते आणि मुलांची गळती होते आहे. "वर्गाचा मुलांवर काय परिणाम होतो?" हा प्रश्न बाजूला ठेवा. "गेल्या वर्षी ज्यांनी यायचं थांबवलं, ती मुलं कधी आणि का थांबली?" हा प्रश्न घ्या. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि त्याचा अर्धा भाग संस्थेच्या हजेरीपटात आधीच लिहिलेला आहे. हजेरीपट नीट मांडला तर कदाचित दिसेल की गळती वर्षभर सारखी होत नाही, ठरावीक महिन्यांत होते. किंवा लहान मुलं टिकतात आणि किशोरवयातल्या मुली थांबतात. मग मुलाखती कुणाच्या घ्यायच्या हे आपोआप ठरतं.

म्हणून माझा आग्रह असा की नवी माहिती गोळा करण्याआधी जुनी बघावी. रजिस्टरं, नोंदवह्या, तक्रारींची फाईल, जुने अहवाल. संस्थांकडे माहितीचा तुटवडा क्वचितच असतो. ती बसून मांडायला माणूस नसतो. काही उत्तम विद्यार्थी प्रकल्प एकही प्रश्नावली न भरता, नुसत्या जुन्या नोंदींवर होऊ शकतात.

प्रश्न तयार झाला की त्याची एक कसोटी घ्या. संस्थेच्या लोकांना विचारा: "उत्तर असं आलं तर तुम्ही काय कराल? आणि अगदी उलट आलं तर?" दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, तर तो प्रश्न सोडून द्या. त्या उत्तराने कुणाचाच निर्णय बदलणार नाही. 1946मध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी कृती-संशोधनाची, म्हणजे प्रत्यक्ष कृतीला जोडलेल्या संशोधनाची, मांडणी केली तेव्हा नियोजन, कृती आणि कृतीचा काय परिणाम झाला याचा शोध अशी फिरत जाणारी साखळी त्यांनी सांगितली. आपल्याला त्या साखळीतली एकच कडी जोडायची आहे, पण ती पुढच्या कृतीत अडकली पाहिजे.

कागदावर काय हवं

दोन पानांचं सामंजस्यपत्र पुरे. कॉलेजच्या विधी विभागाचा लांबलचक मसुदा लहान संस्थेला घाबरवतो. पण पुढच्या गोष्टी मात्र साध्या भाषेत लिहिलेल्या असाव्यात: प्रश्न कोणता, कोण काय करणार, संपर्काची प्रत्येक बाजूची एकच व्यक्ती कोण, कोणत्या तारखेला काय हाती येणार, प्रवासाचा आणि छपाईचा खर्च कुणाचा, आणि मध्येच थांबायचं ठरलं तर कसं थांबायचं.

भांडणं सहसा माहितीच्या मालकीवरून होतात, तेव्हा त्यावर वेगळं बोला. मूळ माहिती कुणाकडे राहणार? विद्यार्थ्याला त्यावर शोधनिबंध लिहायचा असेल तर संस्थेला तो आधी दाखवायचा का? संस्थेचं नाव येणार की नाही? कॅनडातल्या मूळनिवासी समूहांनी 1998मध्ये आपल्याबद्दलच्या माहितीसाठी चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, ती पाहण्याची मुभा आणि प्रत्यक्ष ताबा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया एवढ्यावर ती उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर संशोधन झालं त्यांनी स्वतः लिहिलेले हे नियम आहेत, म्हणून विद्यार्थ्यांसोबत ते जरूर वाचावेत.

संस्थेच्या माणसांचा वेळ हाही खर्च आहे. प्रकल्पाला अनुदान मिळणार असेल, तर त्यातला ठरलेला वाटा संस्थेसाठी ठेवा आणि तो याच कागदावर लिहा.

संमती आणि गोपनीयता

कॉलेजची एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडे अर्ज लवकर करा; परवानगीला आठवडे लागतात आणि सत्र तोवर थांबत नाही. कमिटी नसेल तर विषयाबाहेरच्या दोन अनुभवी सहकाऱ्यांना आराखडा वाचायला द्या आणि त्यांचे आक्षेप लेखी घ्या.

संमती म्हणजे कागदावरची सही, असं विद्यार्थ्यांना वाटतं. ती समजूत पहिल्याच आठवड्यात काढून टाकावी. 1990 पासून अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी रक्ताचे नमुने दिले ते मधुमेहाच्या संशोधनासाठी, निदान त्यांची समजूत तशी होती. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या प्राचीन स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2010मध्ये समझोता झाला. ज्यांच्या संशोधकांनी नमुने घेतले होते त्या अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. आपण कुणाचं रक्त घेणार नाही, पण तत्त्व तेच आहे. ज्या कामासाठी माहिती मागितली, त्याच कामासाठी ती वापरायची. दुसरं काही करायचं असेल तर पुन्हा विचारायचं.

संस्थेमार्फत लोकांपर्यंत जाताना एक खास अडचण येते, आणि ती पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे येत नाही. ज्या बाईची मुलगी संस्थेच्या वर्गाला जाते, तिला संस्थेची ताई विद्यार्थ्यांना घेऊन घरी आल्यावर "नाही" म्हणणं जड जातं. मुलीची जागा जाईल, अशी धास्ती मनात असते. म्हणून ओळख संस्थेच्या कार्यकर्त्याने करून द्यावी आणि मग तिथून निघून जावं. विद्यार्थ्यांनी स्पष्ट सांगावं: "तुम्ही नाही म्हणालात तरी वर्ग चालूच राहील, आणि कुणी काय सांगितलं हे आम्ही संस्थेलाही सांगणार नाही." आणि ते खरोखर पाळावं. मुलांशी बोलायचं असेल तर पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाची स्वतःची इच्छाही विचारावी लागते.

नाव काढलं म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असं समजू नका. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 2000मध्ये दाखवलं की पोस्टाचा पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे 87 टक्के लोकांची ओळख पटवता येऊ शकते. वस्ती जितकी लहान तितका हा धोका मोठा. "चार मुलांची आई, शिवणकाम करते, पती अपंग" एवढं लिहिलं की शेजाऱ्यांना नाव सांगायची गरज उरत नाही. त्यामुळे नावांची आणि सांकेतिक क्रमांकांची यादी मुलाखतींपासून वेगळी, पासवर्ड लावून ठेवा. अहवालात उतारे देताना ओळख पटवणारे तपशील गाळा.

विद्यार्थ्यांची तयारी

चार-पाच जणांचा गट बरा चालतो. त्याहून मोठ्या गटात दोघं काम करतात आणि बाकीचे सोबत फिरतात.

पहिली भेट वही-पेनाशिवाय करायला लावा. संस्थेचं काम बघायचं, मदत लागली तर करायची, लोकांशी सहज बोलायचं. दुसऱ्या आठवड्यात एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावा आणि रेकॉर्डिंग वर्गात ऐका. मुलाखत घेणारा किती बोलतो, समोरच्याचं वाक्य मध्येच कसं तोडतो, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर जे समजतं ते व्याख्यानातून समजत नाही.

प्रश्नावली केली असेल तर ती आधी पाच-सहा जणांवर करून बघा आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, "तुम्हाला हा प्रश्न काय वाटला?" तिथे चुका उघड्या पडतात. "शिक्षक आणि वेळ तुम्हाला सोयीचे वाटतात का?" यात दोन प्रश्न आहेत, शिक्षक आवडतात पण वेळ जमत नाही, अशा माणसाने काय सांगायचं? "वर्ग उपयुक्त आहे असं तुम्हाला वाटत नाही का?" यात उत्तर आधीच भरलेलं आहे. "नियमित येता का?" याऐवजी "गेल्या आठवड्यात किती दिवस आलात?" विचारलं तर मोजता येईल असं उत्तर मिळतं.

विद्यार्थ्यांनी दोघा-दोघांनी जावं, कुठे आणि कधी परतणार हे सांगून जावं. मुलाखतीत कुणी हिंसा किंवा छळाबद्दल बोललं तर काय करायचं, कुणाला कळवायचं, हे संस्थेसोबत आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी विद्यार्थ्याने ते एकट्याने ठरवू नये.

गुणांबद्दल थोडं. निष्कर्ष किती मोठे निघाले यावर गुण दिले तर विद्यार्थी निष्कर्ष फुगवतात. संमती नीट घेतली का, नोंदी वेळेवर ठेवल्या का, संस्थेला दिलेला शब्द पाळला का, यावर गुण द्या. संस्थेच्या संपर्क व्यक्तीचा अभिप्राय त्यात धरा.

प्रत्यक्ष काम

सत्र साधारण 15 आठवड्यांचं धरलं तर माहिती गोळा करायला पाच आठवड्यांहून जास्त देऊ नका. नवखे लोक इथेच वाहवत जातात आणि विश्लेषणाला दहा दिवस उरतात.

किती लोकांशी बोलायचं, हा प्रश्न हमखास येतो. सर्व्हे असेल आणि नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडावा तसा यादृच्छिक असेल, तर 100 जणांच्या उत्तरातली टक्केवारी दोन्ही बाजूंना सुमारे 10 अंकांनी चुकू शकते. ही चूक 5 अंकांवर आणायला सुमारे 400 लोक लागतात. चूक निम्मी करायला माणसं चौपट. पाच विद्यार्थ्यांना 400 घरं झेपणार नाहीत. शिवाय रस्त्यात भेटतील त्यांना गाठून भरलेल्या फॉर्मांना हे गणित लागूच होत नाही. म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी मी जुन्या नोंदी आणि थोड्या पण सखोल मुलाखती हेच सुचवेन. संशोधक ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी 2006मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या स्त्रियांच्या 60 मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या 12 मुलाखतींतच येऊन गेलेले दिसले. सारख्या परिस्थितीतल्या लोकांना एकाच विषयावर विचारलं तर एवढ्यात भागू शकतं. गट वेगवेगळे असतील तर जास्त लागतील.

मुलाखत लिहून काढायला किती वेळ जातो याचा अंदाज विद्यार्थ्यांना नसतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास धरा. 15 मुलाखती म्हणजे 60 ते 90 तास, पाच जणांत वाटले तर प्रत्येकी 12 ते 18. हे वेळापत्रकात आधीच दिसलं पाहिजे.

फोनवर फॉर्म भरून घ्यायला कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके यांपैकी एखादं सॉफ्टवेअर वापरता येईल. दोन्ही इंटरनेट नसताना फोनवर चालतात. माहिती त्याच दिवशी सुरक्षित जागी चढवायची आणि फोनमधून काढायची. मुलाखतीनंतर अर्ध्या तासात स्वतःची टिपणं लिहायची: घरात कोण होतं, कुठे आवाज खाली गेला, कोणता प्रश्न टाळला गेला.

संस्थेशी आठवड्याला एक ठरलेला फोन, वीस मिनिटांचा. सांगण्यासारखं काही नसलं तरी तो करायचा.

निष्कर्ष परत नेणं

अहवाल लिहून झाल्यावर संस्थेला दाखवायचा, ही चुकीची वेळ आहे. विश्लेषण अर्धंकच्चं असतानाच तक्ते आणि नाव नसलेले उतारे घेऊन कार्यकर्त्यांसमोर बसा. विद्यार्थ्यांना कोडं वाटणारी गोष्ट त्यांना तिथल्या तिथे उलगडते. त्या महिन्यात गळती का वाढली? कारण तेव्हा वर्गाची जागा बदलली होती. ही माहिती कुठल्याच मुलाखतीत आलेली नसते. उलटही होतं: कार्यकर्ते ज्याला कारण समजत होते, ते एकाही घरातून पुढे आलेलं नसतं. अशा वेळी विद्यार्थ्यांनी नम्रपणे पण ठामपणे आपलं निरीक्षण मांडावं. संस्थेला न आवडणारा निष्कर्ष गाळायचा नाही. तो तिने बाहेरच्या कुणाकडून ऐकण्याआधी आपल्याकडून ऐकावा, एवढी काळजी घ्यायची.

संस्थेसाठी दोन पानं पुरतात: काय विचारलं, कुणाला विचारलं, काय दिसलं, काय करून बघता येईल, आणि या माहितीवरून काय सांगता येत नाही. कॉलेजचा सविस्तर अहवाल वेगळा ठेवा. ज्यांनी वेळ देऊन उत्तरं दिली त्या लोकांसाठी एक बैठक घ्या. तिथे लिहिलेलं वाटण्यापेक्षा बोलून, चित्रं दाखवून सांगा आणि बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा. या बैठकीची तारीख सामंजस्यपत्रातच घाला. तसं केलं नाही तर ती परीक्षांच्या गडबडीत वाहून जाते.

सत्र संपतं, संस्थेचं काम संपत नाही. पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी आले आणि त्यांनी त्याच घरांत तेच प्रश्न विचारले, तर लोक वैतागतील आणि बरोबरच वैतागतील. म्हणून प्रत्येक गटाने एक हस्तांतराची फाईल करावी: अंतिम प्रश्नावली, कोणत्या नोंदी कुठे सापडल्या, काय अर्धवट राहिलं, कोणत्या गोष्टी संस्थेने पुन्हा विचारू नका म्हणून सांगितलं. नावांची यादी आणि रेकॉर्डिंग ठरलेल्या तारखेला नष्ट करावीत आणि तसं संस्थेला लेखी कळवावं. मग सहा महिन्यांनी प्राध्यापकांनी एकदा भेटून विचारावं, ठरवलेल्यातलं काय झालं आणि काय झालं नाही. पुढच्या प्रकल्पाचा प्रश्न बहुतेक वेळा त्या भेटीत मिळतो.